युनियावरची टीप

सरांना अकोल्यात नव्या घराच्या प्रार्थनेला कोणी बोलवत नसे. पूर्वी बोलवायचे. मग त्यांच्याच मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका माणसाने फ्लॅट घेतला, पाळकांकडून प्रार्थना करवून घेतली, सगळ्यांना जेवायला बसवलं. हॉलच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत एक वचन लावलेलं होतं: तुमच्यासाठी मी योजलेलं ते हिताचंच आहे, अनिष्टाचं नाही, अशा अर्थाचं. सरांनी ताट खाली ठेवलं आणि यजमानाला विचारलं, "हे कोनाले लिवलं, ठाऊक हाय?"

"आपल्यालाच की, सर."

"तुले नाई, बाप्पा. बाबेलात धरून नेलेल्या कैद्याइले लिवलं हे. याच्या वरची ओय वाच. सत्तर वर्षं होऊ द्या, मंग परत आनतो म्हनते देव. म्हंजे ज्याइनं हे पत्र ऐकलं, ते बहुतेक तिथंच मेले. फ्लॅटचं यात काई नाई."

ही हकिकत मला त्यांनी स्वतःच सांगितली, आणि सांगताना त्यांना खरोखर नवल वाटत होतं की त्या माणसाला राग काहून आला. "मी तं फक्त पत्ता वाचून दाखवला," म्हणाले. "दुसऱ्याचं पत्र फोडावं, तं पाकिटावरचं नाव तरी पाह्यावं का नाई?"

मी ख्रिस्ती नाही. हिवरखेडचा, शेतकरी घरातला. जठारपेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, वाढदिवसाचे फ्लेक्स ही माझी कामं. मिशनच्या शाळेची छपाई माझ्याकडे यायची आणि सर त्या शाळेतून मराठीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. एके दिवशी ते दोन कापडी पिशव्या घेऊन आले आणि त्यांनी त्या टेबलावर उपड्या केल्या. दवाखान्याचे जुने केसपेपर होते. पुढच्या बाजूला कोणाचा तरी ताप, नाडी, लघवी. मागच्या कोऱ्या बाजूला सरांचं बारीक, सरळ अक्षर. त्यांची मोठी बहीण मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. सगळे तिला सिस्टरबाई म्हणत. तिने रद्दीत निघालेले कागद घरी आणायचे आणि सरांनी त्यावर लिहायचं, असं तीस वर्षं चाललं होतं. लग्न दोघांनीही केलं नाही.

पिशव्यांत होतं ते बायबलातलं, पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राचं भाषांतर आणि ओळीओळीवर टिपा. मूळ ग्रीकवरून. ग्रीक ते कोणाकडे शिकले नव्हते. परत जाताना एका गोऱ्या मिशनऱ्याने एक व्याकरण मागे टाकलं होतं, त्यावरून स्वतःच घोटून घोटून शिकले.

"किती दिवसात होते?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "महिनाभरात."

दोन वर्षं लागली.

ग्रीक अक्षरं माझ्या मराठी फॉन्टमध्ये बसेनात. एक बसवलं की शेजारची वेलांटी उडायची. सर माझ्या बाजूला स्टुलावर बसत. उन्हाळ्यात, आणि अकोल्याचा उन्हाळा म्हणजे काय ते अकोल्यात राहिलेल्यालाच ठाऊक, ते दुकानातली प्लास्टिकची बादली भरून घेत, तिच्यात दोन्ही पाय बुडवत आणि प्रूफ वाचत. गिऱ्हाईक आलं तरी पाय काढत नसत. एकदा एका नवरदेवाच्या मामाने पत्रिकेचा मजकूर दिला, तर बादलीतूनच म्हणाले, "'आमचे येथे' म्हनता अन् पत्ता मंगल कार्यालयाचा देता. नेमकं कोनाच्या येथे?" मामा दुसऱ्या दुकानात गेला.

प्रूफ ते खालून वर वाचत. शेवटची ओळ आधी, मग तिच्या वरची. सिस्टरबाईंच्या विणकामाची सुई प्रत्येक शब्दाखाली टेकवायची आणि पुढे सरकायचं. मी विचारलं, असं उलटं काहून? म्हणाले, "अर्थ लागला की डोये झोपतेत. जे असाले पायजे तेच दिसते, जे हाय ते दिसत नाई."

मला ते तर्तियस म्हणत. मला वाटलं शिवी आहे. मग त्यांनी सांगितलं की ते पत्र पौलाने तोंडाने सांगितलं आणि ज्याने ते उतरून घेतलं त्याचं नाव तर्तियस. शेवटच्या अध्यायात, सगळ्यांचे नमस्कार चाललेले असताना, हा मध्येच एका ओळीत म्हणतो: पत्र लिहून घेणारा मी, माझाही नमस्कार. "पाह्य," सर म्हणाले, "एवढ्या मोठ्या पत्रात लिहिनाऱ्याची एकच ओय. पन सगळं त्याच्या हातातून गेलं. त्यानं लबाडी केली असती तं पौल काय करत होता?"

हे ऐकून मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं पत्रिका टाइप करत होतो, कोणी मला असं कशाच्या रांगेत बसवलं नव्हतं.

माझ्या वडिलांच्या कानावर गेलं की मी दिवसभर एका किरिस्तावाचं पुस्तक टाइप करून राहिलो. ते हिवरखेडहून तडक दुकानात आले. सर बादलीत पाय घालून बसलेले. वडील म्हणाले, "मास्तर, पोराले बाटवू नोका."

सर म्हणाले, "भाऊ, चाळीस वर्षांत मी आपल्याच लोकाइले एक पत्र सरकं वाचायले शिकवू शकलो नाई. तुमच्या पोराले कोठून बाटवतो?"

वडील हसले. नंतर दोघांनी मिळून चहा घेतला. गावी जाताना वडील मला म्हणाले, "मानूस येडा हाय, पन खोटा नाई."

छापखाने निघण्याआधी चौदाशे वर्षं ही पुस्तकं हातानेच उतरवली जात, हे मला सरांकडून कळलं. उतरवणारे चुकत. दोन ओळींचा शेवट सारखा असला की नजर एकीवरून दुसरीवर उडी मारायची आणि मधली ओळ कायमची जायची. कोणी पेंगायचा. ह्या चुकांचा सरांना राग नव्हता. ते म्हणत, "पेंगनाऱ्याची चूक सापडते. वाक्यच लंगडं होते न! सुधारनाऱ्याची सापडत नाई. तो वाक्य गुयगुयीत करून ठेवते."

सगळ्यात जास्त जीव त्यांनी सोळाव्या अध्यायातल्या एका टिपेवर लावला होता. त्या अध्यायात पौल रोममधल्या ओळखीच्या माणसांना नावं घेऊन नमस्कार सांगतो. त्यात एक जोडी आहे, अंद्रोनीक आणि युनिया. माझ्यासोबत तुरुंगात होते, प्रेषितांमध्ये नावाजलेले आहेत, असं तो म्हणतो. प्रेषित म्हणजे येशूचा निरोप घेऊन पाठवलेले पहिले पुढारी. युनिया हे बाईचं नाव. जुन्या हस्तलिखितांत अक्षरांच्या डोक्यावर खुणा नसत. पुढे कोणीतरी एक खूण अशी दिली की ते नाव पुरुषाचं होईल. युनियास.

"हजारभर वर्षं कोनाले त्यात काई खुपलं नाई," सर म्हणत. "मंग कोनाले तरी वाटलं, बाई अन् प्रेषित? असं कसं? तिले मिशी लावली अन् मोकये झाले. युनिया नावाच्या बाया रोमात पैशाले पासरी होत्या. युनियास नावाचा एक बाप्या मले त्या काळात दाखवा. एक."

पण टीप त्यांनी अशी लिहिली नव्हती. टिपेत विरुद्ध मतही दिलं होतं: काही जाणकार म्हणतात, प्रेषितांमध्ये नावाजलेली नव्हे तर प्रेषितांना माहीत असलेली, असाही अर्थ होऊ शकतो. मी म्हणालो, सर, हे कशाला देता, आपलंच कमजोर होते. ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी दुकानात थुंकलो. "हाय ते हाय," म्हणाले. "सोईचं तेवढंच देलं तं मी अन् ते मिशीवाले एकच न?"

तीच टीप पाच प्रुफांत पाच वेळा बदलली. आधी दोन पानं होती, शेवटी दीड झाली. आणि त्यांनीच मला सांगितलं होतं की तीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या खर्ड्यात त्यांनी स्वतःही 'युनियास' असंच लिहिलं होतं, ऐकीव. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे ह्याच गोष्टीने त्यांचा घात केला.

पुस्तक मंडळी छापणार होती, मंडळीच्या वर्धापनदिनाला. त्याच आठवड्यात वार्षिक सभा होती आणि त्या सभेपुढे सिस्टरबाईंचा विषय होता. निवृत्त झाल्यापासून त्या बायकांची प्रार्थनासभा चालवत. पाळक गावाला गेले की उपासनेत वचनावर बोलायला कोणी नसे. मग पंचमंडळातला, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीतला, एखादा गृहस्थ मोबाइलवरून काहीतरी वाचून दाखवायचा. सिस्टरबाईंनी अर्ज दिला होता: मला पंचमंडळावर घ्या आणि पाळक नसतील त्या रविवारी बोलू द्या. अर्ध्या मंडळीला हे पटत होतं. अर्ध्या मंडळीचं म्हणणं, बाईने बायकांपुढे बोलावं.

शेवटच्या प्रुफाच्या प्रत्येक पानावर सरांनी सही केली आणि माझ्या हातात दिलं. तिसऱ्या दिवशी मंडळीचे सेक्रेटरी दुकानात आले. हा माणूस कधी आवाज चढवत नसे. शाळेचा कारभारही त्यांच्याचकडे. सरांच्याच स्टुलावर बसले, पाणी मागून प्यायले.

"भाऊ, एक छोटी दुरुस्ती आहे. पुस्तक मंडळीच्या नावानं निघतंय, तेव्हा वाद नको. 'युनिया'च्या पुढं एक 'स' लावा. आणि ती टीप काढून टाका."

"सरांले विचारलं?"

"त्यांचं वय काय, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. कशाला त्रास द्यायचा? एका अक्षराचा तर प्रश्न आहे." मग उठता उठता म्हणाले, "मॅडमची कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे बरं का. सोमवारी बसतोय त्या फायलींना."

मॅडम म्हणजे माझी बायको. त्यांच्या शाळेत तीन वर्षांपासून तात्पुरती शिकवत होती. धमकी म्हणावी तर त्यांनी काही दिली नव्हती. नुसतं टेबल कोणाचं ते सांगितलं.

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं. भर दुपार होती. एक 'स' टाइप करायला काहीच लागत नाही. टीप काढल्यावर मात्र दीड पान रिकामं पडलं आणि पुढचा मजकूर वर ओढता येईना, कारण पुढचे पानक्रमांक अनुक्रमणिकेत जाऊन बसले होते. एक पान मी अक्षरं थोडी मोठी करून भरलं. उरलेल्या अर्ध्या पानावर लग्नपत्रिकेच्या फायलीतली एक वेलबुट्टी टाकली. ती छान दिसली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, पण ती छान दिसली म्हणून मला तेव्हा समाधानही वाटलं होतं.

सोमवारी बायकोच्या फायलीवर सही झाली.

वर्धापनदिनाला पुस्तकाचं प्रकाशन झालं. सरांना शाल दिली, मलाही दिली. सर पुस्तक हातात धरून बसले होते, उघडत नव्हते. लहान बाळाला पहिल्यांदा घेतलेला पुरुष अवघडून बसतो तसे. लगेच, त्याच मांडवात, जेवणाआधी वार्षिक सभा सुरू झाली. मी परका, मला उठून जाता आलं असतं. पण जेवून जा असा आग्रह झाला म्हणून मागच्या रांगेत बसून राहिलो.

सिस्टरबाईंचा विषय निघाला. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे मुद्दे मांडले. फिबी नावाची बाई हे पत्र घेऊन रोमला गेली असावी, असं जाणकार मानतात, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अन् युनियाचं माह्या भावानं लिवलंच हाय. सगळ्याइच्या हातात पुस्तक हाय. सोळावा अध्याय काढा."

पानं उलटल्याचा आवाज झाला. सेक्रेटरी उभे राहिले. "काढला," म्हणाले. "सर लिहितात, युनियास. पुरुष. सरांपेक्षा ग्रीक इथं कोणाला येतं?"

सिस्टरबाईंनी चष्मा लावून पान पाहिलं. त्यांनी दोनदा पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. सरांनी पुस्तक उघडलं, नाकाला लावलं, आणि त्यांची बोटं त्या वेलबुट्टीवरून फिरत राहिली. "हे मी लिवलं नाई," ते म्हणाले. "इथं टीप होती. दीड पान टीप होती."

"सर, शेवटच्या प्रुफावर पानोपानी तुमची सही आहे," सेक्रेटरी मऊ आवाजात म्हणाले. "टिपा तुम्ही किती वेळा बदलल्या ते टाइप करणाऱ्या भाऊंना माहीत आहे. ते इथंच आहेत. भाऊ, सरांच्या सहीनंतर काही बदललं का?"

सगळा मांडव मागे वळला. सरही वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. आता माझा माणूस बोलेल आणि घोटाळा मिटेल, असा चेहरा होता तो.

मी म्हणालो, "नाही."

कोणीतरी हसलं. वाईट हसू नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या विसरभोळेपणाला घरातली माणसं हसतात तसं. सर हळूच खाली बसले. अर्ज फेटाळला गेला, आठ-दहा हातांच्या फरकाने. मग जेवणं झाली. मी जेवलो.

चार दिवसांनी सर दुकानात आले. मला वाटलं, आता शिव्या देतील. मी त्याची तयारी करून ठेवली होती. ते स्टुलावर बसले. बादली मागितली नाही.

"तर्तियस, खरं सांग. मीच काढली असंन का ती टीप?"

मी माउस धरून एका पत्रिकेची फाईल उघडली.

"पयल्या खर्ड्यात युनियासच होतं. शेवटी शेवटी माह्या डोक्यात तेच परत आलं असंन. हाताले जुनी सवय असते. मलेच समजलं नसंन." ते माझ्याकडून काहीतरी मागत होते. "जुनं प्रूफ हाय का रे तुह्याकडं? एकदा पाह्यतो. नुस्तं पाह्यतो."

प्रूफ माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर.

"रद्दीत गेलं, सर," मी म्हणालो.

"बरं," ते म्हणाले. "गेलं तं गेलं." उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. जणू चूक त्यांची होती आणि तिचा त्रास मला झाला होता.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्राचं काम अर्धं झालं होतं, ते तसंच राहिलं. रस्त्यात भेटले की इकडचं तिकडचं बोलत. लोक भिंतीवर वचनं लावत आणि सर खाली मान घालून पेढा खात. पुन्हा सगळ्यांनी त्यांना घरी बोलवायला सुरुवात केली होती. मंडळीतले लोक म्हणायचे, आता सर किती चांगले झाले. वर्षभराने बहीणभाऊ अमरावतीला दूरच्या नात्यातल्या भाचीकडे राहायला गेले.

सर वारल्याचं मला उशिरा कळलं. व्हॉट्सअॅपवर शाळेच्या ग्रुपमधून. मी अमरावतीची एसटी धरली. पिशवीत ते सह्यांचं प्रूफ घेतलं. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतो, मुलं कविता पाठ करतात तसं.

भाचीने दार उघडलं आणि ती कामाला निघून गेली. सिस्टरबाई पलंगावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी प्रूफ त्यांच्यासमोर ठेवलं, सोळावा अध्याय उघडला, आणि पाठ केलेलं सगळं सांगून टाकलं. बायकोची फाईल, अर्धं शटर, वेलबुट्टी, खणातलं प्रूफ. त्यांनी कागदाला हात लावला नाही.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"कवापासून?"

"मांडवात तू नाई म्हनला तवापासून. चाळीस वर्षं पेशंटचे नातेवाईक पाह्यले मी. औषध पाजलं का विचारलं की खोटं बोलनारा कसा बोलते, मले कयते."

"मंग सरांले काहून सांगितलं नाई?"

"त्यानं मले विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर. म्हने, बाई, मीच काढली असंन का? मी म्हटलं, असंन. वय झालं तुहं."

मला आधी समजलंच नाही.

"खरं सांगतलं असतं तं तो त्याच पावली तुह्या दुकानात आला असता. अन् तुले माफ केलं असतं. तुलेच धीर देला असता, रडू नको म्हनला असता. असाच होता तो. मले ते पाह्यवलं नसतं. माह्या तोंडातला घास गेला, अन् तुले माफी?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, चार दिवस जाऊ दे, मंग सांगू. चार दिवसानं तो लिहायचा बंद झाला. मंग सांगनं कठीन झालं. मंग लयच कठीन झालं. शेवटी शेवटी तो दूध घेतलं का नाई हेही मले विचारायचा. डोकं साबूत होतं रे त्याचं, शेवटपर्यंत. पन त्याचा त्याच्यावर भरोसा राह्यला नोता."

मी म्हणालो, "बाई, चूक माही हाय."

"तुही हायच," त्या म्हणाल्या. "तुले सोडून नाई देत मी. पन तू एकदा खोटं बोलला, अन् दुसऱ्यांदा दुकानात. मी त्याच्या शेजारी बसून पाच वर्षं बोलली."

त्यांनी ते प्रूफ उचललं, सरांची सही होती तेवढ्यावर अंगठा फिरवला आणि माझ्या पिशवीत परत घातलं. मग पलंगाचा कठडा धरून उठल्या आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. मी उभा राहिलो. त्या न वळताच म्हणाल्या,

"जाताना दार ओढून घेजो. मांजर येते."